गळती शोधायचे पैसे घ्या : गाडीच्या केबिन हीटरवरून एक धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाडीच्या केबिन हीटरची गळती कशी पकडायची ते दाखवलंय. व्हिडिओत हात दिसतात, पण हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. ज्यांना सातपूर-अंबड पट्ट्यात स्वतःचं छोटं गॅरेज, नाहीतर नुसतं रेडिएटर आणि एसीचं दुकान टाकायचंय, त्यांनी हा शांतपणे वाचा.

सुरुवात माझ्याच गाडीपासून करतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या गाडीत पुढच्या डाव्या सीटखालचं मॅटिंग ओलं व्हायला लागलं. घरच्यांनी आधी माझ्या पाण्याच्या बाटलीवर संशय घेतला. मग गाडी एका गॅरेजला नेली. मेकॅनिकने मॅटिंग हाताने दाबलं, पाणी बघितलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "सर, हीटर कॉइल लीक आहे. डॅशबोर्ड खोलावा लागेल." दोन दिवस गाडी उभी. नवी कॉइल, नवं कूलंट, एसीचा गॅस परत भरला. चांगलं पाच आकडी बिल झालं. आठ दिवसांनी मॅटिंग पुन्हा ओलं!

मग एका मित्राच्या सांगण्यावरून सातपूरमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी ओलं बोट नाकाजवळ नेलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. गाडीखाली वाकले, एक बारीक रबरी नळी शोधली, तिच्यात हवा मारली. भसकन काळं पाणी आणि कचरा बाहेर. एसीचं पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबली होती, बस्स. हीटरचा काही संबंधच नव्हता. "किती द्यायचे काका?" म्हटलं तर म्हणाले, "द्या पन्नास रुपये."

आता मला सांगा, या दोघांत धंद्याच्या दृष्टीने कोण चुकलं?

पहिला चुकला हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण मी म्हणतो काकाही चुकले. त्यांच्या तीस वर्षांच्या नाकाची किंमत त्यांनी पन्नास रुपये लावली. पहिल्याने निदान न करता पार्ट विकला आणि काकांनी निदान केलं, पण ते विकलंच नाही. दोघांच्याही दरपत्रकात "शोधणे" नावाची ओळच नव्हती. आपल्या धंद्यात ती पहिली ओळ असली पाहिजे. का, ते समजायला आधी हीटर समजून घेऊ.

हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच

पुष्कळांना वाटतं हीटर म्हणजे गिझरसारखी विजेवर तापणारी कॉइल. नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाडीत तसं नसतं. इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट घेतं, वॉटर पंप ते कूलंट फिरवतो. त्यातलाच एक फाटा दोन रबरी होजमधून इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून आत येतो. त्या भिंतीला फायरवॉल म्हणतात. आत, डॅशबोर्डच्या मागे, वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. तोच हीटर कोअर, आपले मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा फुंकतो आणि गरम हवा पायांवर नाहीतर काचेवर येते.

मोठ्या बोटींतही हेच चालतं, बरं का. थंड देशांत लोक हौसेच्या मोटरबोटीवर चार-चार दिवस राहतात. अशा कित्येक बोटींच्या केबिनमध्ये इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा असा हीटर बसवलेला असतो. फरक एवढाच की तिथे होज लांबलचक, सांधे जास्त, आणि गळलेलं पाणी मॅटिंगवर न येता बोटीच्या तळाशी जमतं. त्यामुळे मालकाला पत्ता लागतो तो थेट कूलंटची टाकी रिकामी झाल्यावर. आपल्या गंगापूर धरणावर बोट क्लब आहे, पण तिथल्या फेरीच्या बोटीला कोणी हीटर लावत नाही. नाशिककराचा हीटर गाडीतच. तोही डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आठवतो.

आणि इथेच हंगाम लपलाय. ज्या गाड्यांत होजवर वेगळा हीटर वॉल्व्ह असतो, तिथे तो वर्षातले दहा महिने बंद असतो. थंडीत पहिल्यांदा नॉब गरमकडे फिरवला की गरम, दाबाखालचं कूलंट त्या जुन्या कॉइलमध्ये शिरतं आणि जिथे भोक पडायच्या बेतात आहे तिथून फुटतं. बऱ्याच नव्या गाड्यांत असा वॉल्व्हच नसतो. कॉइलमधून कूलंट कायम फिरतं, नॉब फक्त हवेची फडकी वळवतो. म्हणजे तिथे गळती भर उन्हाळ्यातही होऊ शकते. "साहेब, मी तर हीटर लावतच नाही" असं गिऱ्हाईक म्हणालं म्हणून कॉइल निर्दोष ठरवू नका.

कॉइल सडते कशाने? बहुतेक वेळा पाण्याने. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती काही वर्षांत संपतात. त्यात आपल्याकडे टाकी कमी झाली की बोअरचं पाणी ओतायची सवय. क्षार साचतात, ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. जुन्या तांब्या-पितळेच्या कॉइल झाळून दुरुस्त व्हायच्या. आजच्या प्लास्टिकच्या टाक्या लावलेल्या ॲल्युमिनियम कॉइल बदलाव्याच लागतात.

ओलं मॅटिंग, तीन संशयित

पायाखाली ओल दिसली की संशयित तीन. एसीचं पाणी, पावसाचं पाणी, आणि हीटरचं कूलंट.

एसीचं पाणी म्हणजे हवेतला दमटपणा. कूलिंग कॉइलवर तो थंड होऊन थेंब होतो आणि नळीवाटे गाडीखाली पडतो. ते स्वच्छ, बिनवासाचं, बोटाला साध्या पाण्यासारखं लागतं. एसी लावला की वाढतं, नाही लावला तर थांबतं. पावसाचं पाणी समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकली, नाहीतर काचेचं रबर सुटलं की आत येतं. एसी बंद, गाडी उभी, तरी ओल वाढते आणि पाऊस थांबला की सुकते. कूलंट मात्र चिकट, बुळबुळीत, बहुतेकदा हिरवं, गुलाबी किंवा निळसर. त्याला गोडसर वास असतो. ब्लोअर काचेवर सोडला की काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि फडक्याने पुसलं तरी पसरतं. सोबत बॉनेटखालच्या टाकीतली पातळी खाली जाते.

पांढरा टिश्यू पेपर घ्या, मॅटिंगवर दाबा, उजेडात बघा, वास घ्या. पण चव घेऊ नका! काही जुने लोक जिभेवर लावून बघतात. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि विषारी असतं. म्हणूनच काढलेलं कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवायचं नाही. गल्लीतलं कुत्रं ते चाटतं आणि मरतं. गटारातही ओतू नका. सातपूरचं पाणी नंदिनीत, म्हणजे आपल्या जुन्या नासर्डीत जातं, तिथून गोदावरीत. झाकणाचा कॅन ठेवा आणि औद्योगिक कचरा नेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

माझ्या पहिल्या मेकॅनिकने हा टिश्यू पेपर वापरला असता तर दोन दिवस आणि माझा विश्वास, दोन्ही वाचलं असतं.

पुरावा मिळेपर्यंत पाना उचलायचा नाही

समजा वास गोड आहे, पातळी उतरतेय. तरीही अजून "कॉइल गेली" म्हणायचं नाही. गळती होजच्या क्लिपवर असू शकते, प्लास्टिकच्या टी-जॉइंटवर असू शकते, किंवा कॉइलला पाईप जिथे बसतो त्या ओ-रिंगमध्ये. ओ-रिंग आणि कॉइल यांच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे लागतं प्रेशर टेस्टर. सायकलच्या हातपंपासारखा पंप, त्याला घड्याळ, आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या टाकीला बसणारी झाकणं. इंजिन पूर्ण थंड असतानाच टाकीचं झाकण काढा. हे मी तीनदा सांगतो, व्हिडिओतही तीनदा सांगितलंय. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण एक बारचा जादा दाब असेल तर साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम गाडीचं झाकण उघडलं की तो दाब एका क्षणात जातो आणि पाणी तिथल्या तिथे उकळून तोंडावर येतं. सगळ्या गॅरेजवाल्यांकडे या भाजण्याची एक तरी गोष्ट आहे. तुमची होऊ देऊ नका.

मूळ झाकणावर दाब लिहिलेला असतो, बहुतेक गाड्यांत एक बारच्या आसपास. पंपाने तेवढाच दाब भरा, जास्त नाही, नाहीतर चांगली होजही फुटेल. मग पंधरा मिनिटं थांबा. चहा प्या, पण घड्याळावर नजर ठेवा. काटा जागेवर राहिला तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरला तर कुठेतरी आहे. बॅटरी घेऊन रेडिएटर, वॉटर पंपाच्या खाली, सगळ्या होजच्या टोकांना बघा.

बाहेर थेंब दिसत नाही आणि काटा उतरतोय? आता खरी गंमत. फायरवॉलमध्ये शिरणाऱ्या हीटरच्या दोन्ही होज रबर दाबायच्या गुळगुळीत चिमट्याने दाबून बंद करा. दातेरी पक्कड वापरू नका, होज चिरते. पुन्हा दाब भरा. आता काटा थांबला, तर चोर हीटरच्या फाट्यात आहे. चिमटे काढल्यावर काटा परत उतरायला लागला की पुरावा पक्का. चिमटे असतानाही काटा उतरत राहिला, तर हीटरचा हा एकटा गुन्हा नाही, इंजिनकडे बघा. हेड गॅस्केटही असू शकतं. तसं असेल तर डॅशबोर्ड खोलून तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे आणि तुमचा दिवस दोन्ही जाळणार.

या दोन्ही चाचण्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. काटा उतरताना, आणि काटा थांबलेला. हाच तुमचा माल आहे. गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर हा गेला की "भाऊ, खरंच कॉइल गेली का?" हा प्रश्न उरतच नाही.

आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

पहिलं, धोका स्पष्ट सांगायचा. मॅटिंग ओलं आहे म्हणून कोणी घाबरत नाही. पण कूलंट संपत गेलं की इंजिन तापतं, हेड वाकतं. आणि एक फसवी गोष्ट आहे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असायला हवा. कूलंटच उरलं नाही तर तो हवा मोजतो, आणि काटा नॉर्मल दाखवत असतानाच इंजिन जळू शकतं. दुसरं म्हणजे ते काचेवरचं तेलकट धुकं. रात्री कसारा घाटात समोरून ट्रकचे दिवे येत असताना ही काच घेऊन गाडी चालवायची का, एवढंच विचारा.

दुसरं, पर्याय द्यायचे. नवी कॉइल हा एक. तात्पुरता बायपास हा दुसरा. बायपास म्हणजे फायरवॉलजवळ दोन्ही होज कॉइलवरून काढून यू आकाराच्या पाईपने एकमेकींना जोडायच्या. हीटर बंद, गळती बंद, गाडी चालू. दोन्ही टोकांना बूच मारू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ते याच फाट्यातून. बूच मारलं की पाणी अडतं, आणि एका ठिकाणी इंजिन जास्त तापतं. नाशिकमध्ये पुष्कळ लोकांना हीटरशिवाय वर्ष काढता येतं. बायपास स्वस्त आहे, प्रामाणिक आहे. फक्त बिलावर "तात्पुरता बायपास, हीटर व काच सुकवणे काम करणार नाही" असं लिहून सही घ्या.

तिसरा पर्याय गिऱ्हाईक स्वतःच सुचवेल. लीक बंद करायची पावडर किंवा बाटली. नाही म्हणा. ती भोक बुजवते तशीच कॉइलच्या बारीक नळ्याही बुजवते, पुढे रेडिएटरही. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक "तुम्ही काहीतरी टाकलं आणि गाडी तापायला लागली" म्हणून येतं. अडनिड्या जागी घरी पोचण्यापुरती ठीक, पण गॅरेजच्या बिलावर ती नको.

कॉइल बदलायचं ठरलं तर बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगवाल्या डॅशबोर्डला हात लावायचा नाही. नेमका वेळ कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. एसीची कूलिंग कॉइल त्याच डब्यात असेल तर गॅस मशीनने काढून घ्यावा लागतो, हवेत सोडायचा नाही. काही मॉडेलमध्ये मात्र पायाजवळचं कव्हर काढून कॉइल बाजूने निघते. मॉडेल न बघता सरसकट "डॅशबोर्ड खोलावा लागेल" म्हणणारा माणूस एकतर अडाणी, नाहीतर लबाड. जोडताना नव्या ओ-रिंग, नव्या क्लिपा, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड पाणी, साधारण अर्धं-अर्धं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा, हवा काढा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार झाल्यावर पातळी बघा आणि परत प्रेशर टेस्ट करा. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन करून पातळी विचारा. हा फोन फुकट आहे आणि बहुतेक गॅरेजवाले तो करत नाहीत.

हिशोब

आता वही-पेन घ्या. समजण्यासाठी आकडे धरून चालू, तुमचे तुम्ही टाका. गाळ्याचं भाडं १२,०००, एका हेल्परचा पगार १५,०००, वीज-मोबाईल-किरकोळ ३,०००. झाले ३०,०००. तुमचा स्वतःचा पगार ३०,०००. हो, स्वतःचा पगार खर्चात धरायचाच. एकूण ६०,०००. महिन्यात २५ दिवस काम. रोजचे आठ तास दुकान उघडं असलं तरी पार्ट आणणं, गप्पा, वाट बघणं यात वेळ जातो. गिऱ्हाइकाच्या बिलावर लावता येतील असे तास रोज पाच धरा. म्हणजे महिन्याला १२५ तास. ६०,००० भागिले १२५, तासाला ४८० रुपये.

कॉइल बदलायला सात तास लागले तर नुसती मजुरी ३,३६० होते. "बाजूचा दीड हजारात करतो" म्हणून तुम्हीही दीड हजार घेतले, तर १,८६० रुपये तुम्ही गिऱ्हाइकाला खिशातून दिले. आणि निदान चुकलं, डॅशबोर्ड दुसऱ्यांदा फुकट खोलावा लागला, तर आणखी ३,३६०. चुकीच्या निदानाची ही किंमत आहे.

आता निदान बघा. वास, टिश्यू, प्रेशर टेस्ट, चिमट्याची टेस्ट, व्हिडिओ, सगळं मिळून एक तास. त्याचे ५०० घ्या. बोर्डवर लिहा, "गळती तपासणी ५०० रु. काम आमच्याकडे केल्यास मजुरीतून वजा." तुम्ही म्हणाल, सर, सातपूरमध्ये तपासणीचे पैसे कोण देणार? नुसतं बघायला कोणी देणार नाही, हे खरं. पण डॉक्टर एक्स-रे काढतो तेव्हा फिल्म हातात देतो ना, तसं तुम्ही लिहिलेला रिपोर्ट आणि व्हिडिओ देताय. तो घेऊन गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी तुमचा तास वसूल झाला. आणि तुंबलेली नळी निघाली, पाच मिनिटांत काम झालं, तरी ५००च. त्या काकांना मी आजही हेच सांगतो. ते हसतात आणि म्हणतात, "पाच मिनिटांचे पाचशे? लोक मारतील." मी त्यांच्या हातात माझं ते जुनं बिल ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

भांडवल फार लागत नाही. प्रेशर टेस्टर, होज दाबायचे दोन-तीन चिमटे, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि कूलंटमध्ये टाकायचा चमकणारा रंग, चांगला ट्रिम काढायचा प्लास्टिक सेट. हा रंग अशा गळतीसाठी, जी फक्त गाडी गरम असतानाच होते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, एवढ्या हत्यारांना ते पुरतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा सेवेच्या धंद्याला सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. पण कंपन्यांच्या गाड्यांचं काम हवं असेल तर त्यांचा अकाउंट्सवाला जीएसटी बिल मागणारच, तेव्हा सीएला विचारून ठरवा.

आणि सातपूरचा फायदा ओळखा. इथे महिंद्राचा कारखाना आहे, बॉश आहे जिला जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, त्र्यंबक रोडवर आयटीआय आहे. म्हणजे शिकलेला हेल्पर मिळतो, आणि गिऱ्हाईकही असं की ज्याला गेज, टेस्ट, रिपोर्ट हे शब्द रोज कानावर पडतात. शॉपफ्लोअरवर क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाला तुम्ही घड्याळाचा काटा दाखवलात तर तो तुमच्याशी घासाघीस करत नाही, उलट चार जणांना पाठवतो.

यावेळचा गृहपाठ. आपल्या भागातल्या तीन गॅरेजमध्ये जा आणि विचारा, "मॅटिंग ओलं होतंय, काय असेल?" कोण आधी वास घेतो, कोण आधी बिल सांगतो, ते वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत तपासणीचा एक पानी रिपोर्ट कसा बनवायचा ते बघू.